वैजू विमानातून उतरली

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि भारताचा नकाशा आठवा. उजव्या बाजूला, बंगालच्या उपसागरात, बारीक ठिपक्यांची एक उभी रांग आहे. ती अंदमान-निकोबारची बेटं. त्या रांगेवरून बोट हळूहळू खाली आणा. आता पुढे नुसतं पाणीच आहे असं वाटेल, तिथे थांबा. बोटाखाली जो शेवटचा ठिपका आला, ते ग्रेट निकोबार. त्या बेटावर कॅम्पबेल बे नावाचं गाव आहे. गावाच्या कडेला एक आखूड धावपट्टी आहे, एका अंगाला जंगल आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. माझ्या वेळी तिथे पत्र्याची एक शेड होती, वारा दाखवणारी एक कापडी नळी खांबावर फडफडत असे, आणि विमान येणार असलं की पट्टीवरच्या गाई हाकलायला एक माणूस काठी घेऊन पळत असे.

त्या शेडच्या सावलीत माझ्याशेजारी उभे राहा. नोव्हेंबरची सकाळ आहे. समोर दोन पंख्यांचं छोटं विमान उभं आहे, त्याचं दार उघडं आहे, आणि दारातून एक दहा वर्षांची मुलगी आत चढते आहे. तिच्या पायात काही नाही, केसांना तेल नाही, फ्रॉकला खालून वाळू लागली आहे. ती वैजयंता पिसाळ. आम्ही तिला वैजू म्हणायचो.

या गोष्टीला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली.

मी तेव्हा त्या बेटावरच्या एका वस्तीत शिक्षक होतो. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांना सरकारने तिथे जमिनी दिल्या होत्या. त्यांतली काही कुटुंबं आपल्या सातारा भागातली होती. जंगल साफ करून त्यांनी नारळ लावले, कौलांऐवजी पत्रे घातले आणि दारात तुळस लावली. वैजूचे वडील हवालदार धोंडिराम पिसाळ त्यांतलेच. आई ताराबाई. घरात तिघंच.

वर्गातल्या नकाशावर दोरा ठेवून आम्ही अंतरं मोजायचो. मुलांना तो खेळ फार आवडे. कॅम्पबेल बे ते पोर्ट ब्लेअर, सरळ रेषेत सुमारे पाचशे तीस किलोमीटर. जहाज वाटेत बेटाबेटाला थांबत जाई, त्याला तीन दिवस लागत. विमानाला दोन तास. दोरा तेवढाच.

"मग मधला वेळ कुठं जातो, गुरुजी?" वैजूने विचारलं होतं. बाकीची मुलं हसली. मी दोरा पुन्हा एकदा नकाशावर ताणून पाहिला.

त्या दिवशी पहाटे पिसाळ माझ्या दारात आले. ताराबाईंच्या पोटात दोन दिवस दुखत होतं, ते आता सोसवत नव्हतं.

"मास्तर, होडी काढतोय. शेलार हाय वल्ह्याला. तुमीबी चला. दवाखान्यात इंग्रजी बोलाय लागतंय."

वस्तीपासून कॅम्पबेल बेला जाणारा रस्ता दरड कोसळून बंद होता. अशा वेळी होडीशिवाय मार्ग नसे. ताराबाईंना गोधडीवर निजवलं. पिसाळ आणि त्यांचे शेजारी शेलार वल्ह्याला बसले, मी आणि वैजू पुढच्या टोकाला. वाटेत एक टेकाड समुद्रात घुसलेलं होतं, त्याच्या नाकाडापाशी पाण्याची उलटी ओढ होती. तिथे वस्तीतल्या लोकांची रीत ठरलेली होती. होडीत आजारी माणूस असलं की चालता येणाऱ्यांनी उतरायचं आणि किनाऱ्याने यायचं. होडी हलकी झाली की ओढीला तोंड देऊन पुढे निघते. कुणी सांगावं लागत नसे. नाकाड आलं तशी वैजू स्वतःच उडी मारून गुडघाभर पाण्यात उतरली. मागोमाग मी.

आम्ही वाळूतून चालू लागलो. होडी बघता बघता पुढे गेली.

"पळायचं का, गुरुजी?"

"आपण पळून होडी लवकर पोचणार आहे का?"

"न्हाई." ती थोडा वेळ होडीकडे बघत चालली. "पण आपण उतरलो म्हणून गेली की नाही पुढं?"

"गेली की."

मग तिने पळायचा हट्ट धरला नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी ताराबाईंचं पोट दाबून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. आतडं फुटलं असावं, ते म्हणाले. इथे ऑपरेशन करता येणार नाही. पोर्ट ब्लेअरला न्यायला हवं, आणि जितक्या लवकर न्याल तितकं बरं. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं, पण वैजू माझ्या मागेच उभी होती.

नशिबाने त्या दिवशी विमान आलेलं होतं. टपाल आणि औषधांची खोकी उतरवून ते रिकामं परत निघालं होतं. वैमानिक कॅप्टन कुरियन केरळचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी दोन खुर्च्या काढून स्ट्रेचरला जागा करून दिली.

"पेशंटबरोबर कोण?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"मी," पिसाळ म्हणाले. मग घुटमळले. "साहेब, घरात पोरीला बघाय कुणी न्हाय."

मी तिला ठेवून घेतो असं म्हणणार होतो, तेवढ्यात स्ट्रेचरवरून ताराबाई म्हणाल्या, "तिला घ्या की हो संगं. माझ्याजवळ बसंल."

कॅप्टननी वैजूकडे एकदा पाहिलं. "येऊ दे तिला. विमान रिकामंच जातंय."

आमच्या वस्तीतलं एकही मूल तोवर विमानात बसलेलं नव्हतं. वैजू आत चढली ती मी तुम्हाला सुरुवातीला दाखवली. आईच्या उशाशी एक खुर्ची होती, तिच्यावर ती अगदी कडेला टेकली. ताराबाईंनी डोक्यामागे हात करून तिची बोटं धरली. मी दाराशी उभा होतो. वेदनेने त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण नवऱ्याला चिमटा काढायची सवय त्यांनी सोडली नव्हती.

"बघ गं वैजे. तुझ्या बापानं एवढी वर्सं फौजेत काढली, इमानात कुणी बसवलं न्हाई. माझ्या पोटदुखीनं बसवलं."

"बोलू नगंस जादा," पिसाळ म्हणाले.

"का? बोलायचं येगळं भाडं पडतंय व्हय?"

वैजू हसली. तिचं ते हसू मला अजून दिसतं. आईच्या बोटांत बोटं अडकवून, ओठ दाबून, जरासं.

बाहेर कॅप्टन कुरियन खांबावरच्या कापडी नळीकडे बघत होते. नळी ताठ आडवी झाली होती.

"समोरचा वारा आहे," ते उघड्या दारातून पिसाळांना म्हणाले. "नेहमी दोन तास. आज अडीच तरी लागतील."

"काय करता येत न्हाय का, साहेब?"

"वाऱ्याला काय करणार, हवालदारसाहेब?"

ते पुढच्या दाराने आत गेले. पिसाळ पट्टा बांधायला वाकले. गाईवाल्याने आम्हाला मागे सरायची खूण केली. मी वळलो, दहा-बारा पावलं चाललो असेन, आणि मागे शेलारांचा आवाज ऐकू आला.

"अगं ए, कुठं चाललीस?"

वैजू खाली उभी होती. आईच्या हातातून बोटं कधी सोडवली आणि कधी उडी मारली, कुणालाच कळलं नाही. पिसाळ दारातून ओरडले, "वैजे, वर ये. आधी वर ये म्हणतो ना."

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "तुमी जावा. लवकर जावा."

आतून ताराबाईंची हाक आली, "वैजे..." पुढचं ऐकू आलं नाही, कारण पंखे सुरू झाले होते. पिसाळांनी हात लांबवला. वैजू आणखी दोन पावलं मागे सरली. मी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिने अंग असं आवळून घेतलं की तिला उचलून आत घालायचं मला धाडस झालं नाही. दार लागलं. विमान पट्टीच्या टोकापर्यंत गेलं, वळलं, आमच्यासमोरून धावत सुटलं आणि समुद्रावर उचललं गेलं.

शेलारांनी घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"पिसाळाची पोरगी, आन् इमानाला भ्याली? तुझा बाप बर्फात तोफंशेजारी झोपलाय गं. आन् तू पंख्याच्या वाऱ्याला पळालीस? आई कशी हाका मारत हुती."

विमानाचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही वैजू तिकडेच बघत होती. मग तिने मला विचारलं, "गुरुजी, आत्ता किती वाजले?" परतताना होडीत तिने तेच पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी मी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. अडीच तास उलटले तेव्हा तिने ते परत केलं. "पोचले असतील," म्हणाली.

रात्री ती आमच्याकडे जेवली. तिला भीती वाटली असेल असंच मलाही वाटत होतं, म्हणून मी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं नारळाच्या झाडांखाली खेळत होती. वैजू शाळेच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली.

"गुरुजी, एक विचारू? होडीतनं दोघं उतरली की होडी लवकर पोचते. तसं विमानातनं एक माणूस उतरलं तर ते किती लवकर पोचतं?"

मला अजून काही कळलं नव्हतं. मुलाने असा प्रश्न विचारला की मला भारी आनंद व्हायचा. मी काडी घेतली आणि वाळूत विमान काढलं.

"हे बघ. होडी आपण हाताने वल्हवतो. पाण्याची ओढ जोरात, हात दमतात, म्हणून माणूस उतरलं की फरक पडतो. विमानाला मोठी यंत्रं असतात. त्यात तुझ्याएवढं एखादं मूल जास्त बसलं काय किंवा कमी बसलं काय, त्याला कळतही नाही."

"थोडासुद्धा फरक पडत न्हाई?"

"मोजता येईल एवढा नाही. वाऱ्याने पडतो. वारा समोरून असला की वेळ जास्त लागतो, मागून असला की कमी."

"म्हणजे काल फक्त वाऱ्यानंच उशीर होणार होता."

"हो. फक्त वाऱ्याने."

ती वाळूतल्या विमानाकडे बघत राहिली. मग दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली, चूक सापडल्यावर हसतात तशी.

"मग मी उगंच उतरले की. मला वाटलं, मी उतरले की वाऱ्यातनं लवकर जाईल. आईला सांगते आल्यावर. लय हसंल ती मला."

काडी माझ्या हातात तशीच राहिली. मी तिच्याकडे बघितलं. ती उठून फ्रॉक झटकत खेळायला पळालीसुद्धा.

संध्याकाळी पोलीस चौकीतला शिपाई माझ्याकडे आला. चौकीत बिनतारी यंत्र होतं, बाहेरचा निरोप त्यावरच यायचा. ताराबाईंना वेळेत दवाखान्यात नेलं होतं, ऑपरेशनही झालं होतं. पण विष पोटभर पसरलं होतं. दुपारी त्या गेल्या.

वैजू आमच्या अंगणात माझ्या बायकोबरोबर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. आडवळणाने सांगायला मला जमलं नसतं. तिने सुपातले तांदूळ एका बाजूला सारले, पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले. माझ्या बायकोने तिला कुशीत घेतलं, तेव्हा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत तिने विचारलं, "बाबा कधी येणार?"

"जहाजाने येतील, बाळ."

"मग तीन दिवस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानंतर.

आईजवळ न बसल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. शेलारांना मात्र गाठून मी सारं सांगितलं. ते बराच वेळ नारळाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात सोललेल्या शहाळ्यांचा ढीग होता, आणि शेलार पुन्हा कधी वैजूपुढे मोठ्याने बोललेले मला आठवत नाहीत.

तीन दिवसांचे आठ झाले, कारण जहाज उशिरा सुटलं. तोवर दरड काढून रस्ता मोकळा झाला होता. जहाज लागायच्या दिवशी वस्तीचा ट्रक कॅम्पबेल बेला गेला, त्यात मी आणि वैजू होतो. धक्क्याच्या अलीकडे गोदाम होतं, त्याच्या ओट्यावर ती थांबली. "तुमी जावा पुढं," म्हणाली.

पिसाळ शेवटी शेवटी उतरले. त्यांनी मिशा काढल्या होत्या, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. हातात एक कापडी पिशवी होती. मी नमस्कार केला, तो त्यांना दिसला नसावा.

"मास्तर," ते म्हणाले, "वाटंत चार येळा इचारलं तिनं. वैजी कुठाय? पयल्यांदा म्हनलं, मागं बसलीया. मग म्हनलं, झोपलीया. मग तिनं हात मागं केला, बोटं धराय. मी माझी दिली." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जाड, भेगाळलेल्या बोटांकडे. "म्हनली, ही तिची न्हाईत."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊ लागलो, ती त्यांनी सोडली नाही.

"पोरगीच हाय ती, भ्याली आसंल. मला कळतंय. पर तिला बघितल्यावर माज्या तोंडातनं काय जाईल, त्याचं भ्या वाटतंय मला. समदा परवास तेच डोक्यात हाय."

"हवालदार, ती भ्याली नव्हती," मी म्हणालो. "ती ओझं कमी करायला उतरली होती. नाकाडापाशी होडीतून उतरतो ना आपण, तशी. समोरचा वारा आहे हे तिने ऐकलं होतं."

पिसाळ तिथल्याच एका लोखंडी खुंटावर बसले. दोर गुंडाळणारे खलाशी त्यांना वळसा घालून जात होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली, गोदामाच्या ओट्याकडे पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवून उठले.

"थांबा, आणखी एक सांगायचंय," मी म्हणालो. पण ते लांब लांब टांगा टाकत निघाले होते. मी मागोमाग गेलो.

वैजू ओट्यावरून खाली उतरून उभी राहिली होती. बापाचा मिशा काढलेला चेहरा बघून ती क्षणभर बावरली. पिसाळ तिच्यासमोर उकिडवे बसले.

"वैजे, मला त्या कॅप्टननं सांगितलं बरं का. इमान चालवतो त्यानं. म्हनला, तुमची पोरगी उतरली म्हनून इमान हलकं झालं. वारा समोरून हुता तरी कसं सपासप गेलं. पंधरा मिनटं आधी पोचलो आमी."

वैजू ऐकत होती.

"डाक्टरबी तेच म्हनला. एवढा येळ हातात घावला म्हनून आपरेशन तरी करता आलं. तुझ्या आईला मी सांगितलं समदं. म्हनलं, पोरगी तुझ्यासाठी उतरली. तिला लय बरं वाटलं. हसली." त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, "पंधरा मिनटं. तुझ्यामुळं."

वैजूने माझ्याकडे पाहिलं. वर्गात शेजारच्या मुलाने पाढा चुकवला आणि तिला बरोबर उत्तर येत असलं की ती माझ्याकडे जशी बघायची, तशी. मी काहीच बोललो नाही. माझ्या ओठांकडे ती थोडा वेळ बघत राहिली, मग बापाकडे वळली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. तिने आपल्या फ्रॉकच्या कडेने ते पुसलं, आधी एक गाल, मग दुसरा.

"पंधरा म्हणजे लय झाली, बाबा," ती म्हणाली.

मग त्याच्या हातातली पिशवी तिने घेतली, मोकळ्या झालेल्या हाताचं एक बोट घट्ट धरलं, आणि त्याला उठवून ट्रककडे घेऊन गेली.